कमी बजेटचा असेंबल्ड पीसी: काटकसर कुठे करायची, कुठे नाही

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की तालुक्याच्या गावातलं कॉम्प्युटरचं दुकान, काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बजेट किती? आकडा सांगितला की पाच मिनिटांत कोटेशन हातात. त्यात प्रोसेसरचं नाव मोठं, ग्राफिक कार्डाचं त्याहून मोठं, आणि खाली बारीक अक्षरात ‘मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, एसएमपीएस, कॅबिनेट’. दुकानदाराची कमाई बहुतेक वेळा याच शेवटच्या ओळीत असते, आणि पुढचा मनस्तापही.

कोटेशनमधल्या प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारा: हा नंतर बदलायचा झाला तर काय काय उघडावं लागेल? एसएसडी (फाइली साठवणारी ड्राइव्ह) एका स्क्रूवर निघते. रॅम क्लिपा दाबल्या की बाहेर. ग्राफिक कार्डाचे एकदोन स्क्रू आणि एक क्लिप. मदरबोर्ड बदलायचा तर मात्र अख्खं मशीन मोकळं करावं लागतं आणि एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) बदलायचा तर सगळ्या वायरी नव्याने ओढाव्या लागतात. हात आखडता घ्यायचाच तर तो पहिल्या तिघांत घ्या.

भाव आठवड्याला हलतात. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव एकदम चढले आणि एसएसडीही त्यांच्यामागे महागल्या. त्यामुळे इथे रुपयांचे आकडे दिले तर ते शिळेच होणार. आण्यांत हिशेब करा. १०८० पी (फुल एचडी) वर गेम खेळायचं मशीन असेल तर रुपयातले पाच आणे ग्राफिक कार्डाला, तीन प्रोसेसरला, दोन मदरबोर्डला, अडीच रॅमला, दीड एसएसडीला, एक एसएमपीएसला आणि एक कॅबिनेटला. रॅम महागल्यामुळे आणा-अर्धा आणा वाढला तर तो ग्राफिक कार्डातून काढा, एसएमपीएसमधून नको. मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि यूपीएस या रुपयाच्या बाहेर. एकूण रकमेचा साधारण चौथा हिस्सा त्यांच्यासाठी आधीच बाजूला काढून ठेवा. हे विसरलं की चांगल्या मशीनला शेजाऱ्याचा जुना १८ इंची मॉनिटर लागतो.

प्रोसेसर आणि त्याच्या नावाचं शेपूट

टॅली, ब्राउझर, डीटीपी, ऑनलाइन क्लास, थोडंफार फोटोचं काम एवढंच असेल तर वेगळं ग्राफिक कार्ड घेऊच नका. रायझन ५ ५६००जी किंवा आय५ १२४०० पुरेसा आहे. अगदीच हात तंग असेल तर आय३ १२१००. इथे शेवटचं अक्षर वाचा. इंटेलच्या नावापुढे ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं. रायझन ५ ५६०० मध्येही नसतं, ५६००जी मध्ये असतं. ‘एफ’ स्वस्त पडतो म्हणून घेतला आणि कार्ड घेतलं नाही, तर मदरबोर्डच्या मागचा एचडीएमआय पोर्ट नुसता शोभेचा. मॉनिटरवर ‘नो सिग्नल’.

अशा वेळी दुकानातून हमखास उपाय सुचवला जातो: जीटी ७३०, ‘४ जीबीचं कार्ड’. तो आकडा मेमरीचा असतो, ताकदीचा नाही. ५६००जी च्या आतलं ग्राफिक्स या कार्डाला सहज मागे टाकतं.

गेमसाठी कार्ड घेणारच असाल तर ५६००जी वर पैसे घालू नका. साध्या ५६०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ एमबी, जी मध्ये १६. शिवाय जी ची पीसीआय एक्सप्रेस (ग्राफिक कार्डाशी डेटा हलवणारा मार्ग) तिसऱ्या पिढीची. पाच-सहा वर्षं टिकवायचं आणि मधे प्रोसेसर वाढवायचा असा विचार असेल तर एएमडीचं एएम५ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) बघा, तिथे एएमडीने २०२७ पर्यंत आणि पुढेही नवे प्रोसेसर देण्याचं सांगितलं आहे. पण एएम५ वर फक्त डीडीआर५ (नव्या पिढीची) रॅम चालते. घरात जुन्या मशीनची चांगली डीडीआर४ रॅम पडून असेल तर सध्याच्या भावात ती सोन्यासारखी आहे. एएम४ (एएमडीचं जुनं सॉकेट) किंवा इंटेलचा डीडीआर४ वाला बोर्ड घ्या आणि ती वापरा. डीडीआर४ आणि डीडीआर५ ची खाच वेगळ्या जागी असते, एक दुसऱ्यात बसत नाही. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीला दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, म्हणून बोर्डाच्या नावात ‘डी४’ आहे का ते खोक्यावर बघून घ्या.

स्वस्त प्रोसेसर ‘ट्रे’ मधला असतो. खोकं नाही, कूलर नाही आणि कंपनीची तीन वर्षांची वॉरंटीही नाही. जी काय असेल ती दुकानदाराची. कूलरचे पैसे मिळवल्यावर फरक किती उरतो ते मोजा. बरेचदा चहा-पाण्याइतकाच उरतो.

मदरबोर्ड, रॅम, एसएसडी

एच६१० (इंटेलसाठी) किंवा ए५२० (एएम४ साठी) बोर्ड ६५ वॅटच्या प्रोसेसरला चालतात. त्यांच्या मर्यादा मात्र माहीत हव्यात: रॅमच्या दोनच जागा, एम.२ ची (एसएसडी बसायची) बहुधा एकच, मागे यूएसबी मोजकेच. एच६१० वर डीडीआर४ रॅम ३२०० च्या वर धावत नाही, तेव्हा ३६०० ची घेऊन उपयोग नाही. बोर्ड जुन्या स्टॉकमधला असेल तर नवा प्रोसेसर ओळखतच नाही: पंखे फिरतात, स्क्रीन काळी. बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) अपडेट करून द्यायला पैसे देण्याआधी सांगा. बोर्डवर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर प्रोसेसर न बसवताही पेन ड्राइव्हवरून हे घरी करता येतं.

रॅम एक १६ जीबीची की दोन ८ जीबीच्या? ग्राफिक कार्ड नसेल तर दोनच घ्या. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं: डीडीआर४ ३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी डेटा हलवते, दोन पट्ट्या ५१.२. एका पट्टीवर ५६००जी चालवणं म्हणजे एका पायावर पळणं. कार्ड असेल तर एक १६ ची घेऊन पुढे दुसरी टाकता येते, फक्त तेव्हा तेच मॉडेल शोधा. आणि बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या लिहिलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग (एएम५ वर एक्स्पो), चालू करा. नाहीतर ३२०० ची रॅम वर्षानुवर्षं २१३३ किंवा २६६६ वर चालते आणि कुणाला पत्ता नसतो.

एसएसडी ५०० जीबी एनव्हीएमई पुरे. सॅटा (जुनी, मंद जोडणी) आणि एनव्हीएमई (नवी, वेगवान) दोन्ही एम.२ च्या एकाच आकारात येतात, वेग मात्र सेकंदाला साडेपाचशे एमबी आणि साडेतीन हजार. क्यूएलसी ऐवजी टीएलसी मागा (एसएसडीतल्या मेमरी चिपचे हे दोन प्रकार). क्यूएलसीवर मोठी फाइल कॉपी करताना सुरुवातीची कॅश भरली की वेग हार्ड डिस्कच्या पातळीला येतो. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांना हे रोज भोवेल.

ग्राफिक कार्ड

मॉडेलचं नुसतं नाव पुरत नाही. आरटीएक्स ३०५० दोन मिळतात. ८ जीबीच्या कार्डात २५६० कोअर आणि १२८ बिटचा मार्ग, ६ जीबीच्या कार्डात २३०४ कोअर आणि ९६ बिटचा. म्हणजे कमी झाली ती फक्त मेमरी नाही. मात्र ६ जीबीचं कार्ड ७० वॅटवर चालतं आणि त्याला वेगळी पॉवरची वायर लागत नाही, त्यामुळे जुन्या ऑफिस मशीनमध्ये घालायला तेच बरं. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसतं, पण ते पीसीआय एक्सप्रेसच्या चारच लेन वापरतं. बोर्ड किंवा प्रोसेसरची पीसीआय एक्सप्रेस तिसऱ्या पिढीची असली की हा मार्ग अर्धा होतो आणि काही गेममध्ये ते उघड जाणवतं. त्यात व्हिडिओ एन्कोडरही (व्हिडिओ दाबून छोटा करणारा भाग) नाही, त्यामुळे स्ट्रीमिंग करणाऱ्यांच्या कामाचं नाही. बजेटमध्ये नीट बसणारी कार्डं म्हणजे आरएक्स ६६०० (१३२ वॅट) किंवा आरटीएक्स ४०६० (११५ वॅट), मिळेल ते.

जुनं कार्ड घेताना ते चालू मशीनमध्ये बघा आणि जीपीयू-झेड चालवा. जुन्या चिपवर नवं नाव चढवलेली कार्डं बाजारात फिरतात, हे सॉफ्टवेअर त्यातली बरीच पकडतं.

एसएमपीएस: लेबल वाचायला शिका

कॅबिनेटसोबत ‘फ्री’ येणारा ४५० वॅटचा एसएमपीएस हातात घ्या आणि बाजूचं लेबल वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरच ओढतात, त्यामुळे तुमच्या कामाचा एसएमपीएस २१६ वॅटचा आहे. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवून बेरीज फुगवलेली असते. १२ व्होल्टच्या दोन रांगा असल्या तरी त्यांची सरळ बेरीज करू नका, खाली एकत्रित मर्यादा लिहिलेली असते. मागे ११५/२३० चा लाल स्विच दिसला तर समजा की डिझाइन जुनं आहे आणि त्यात अॅक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत ओढणारं सर्किट) नाही.

आता गरज मोजा. रायझन ५ ५६०० जास्तीत जास्त ९० वॅट धरा, आरटीएक्स ४०६० चे ११५, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे मिळून ५०. झाले अडीचशे. कार्ड क्षणभर याच्या बरंच वर उसळतं, म्हणून नावाजलेल्या कंपनीचा ८० प्लस ब्रॉन्झ ५५० वॅट घ्या. ८० प्लस ही वीज किती वाया जाते याची खूण आहे, सुरक्षेची नाही. त्यामुळे वॉरंटी बघा. पाच वर्षांची देणारा आपल्या मालाबद्दल काहीतरी सांगत असतो.

मॉड्युलर (वायरी काढता-घालता येणारा) एसएमपीएस असेल तर एक गोष्ट कटाक्षाने पाळा: दुसऱ्या एसएमपीएसच्या वायरी त्याला लावायच्या नाहीत. टोकं सारखी दिसतात, बसतातही, पण आतली पिन-रचना कंपनीगणिक वेगळी असते. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की हार्ड डिस्क आणि एसएसडी त्याच क्षणी जातात.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात ही तक्रार जुन्या घरांत फार ऐकू येते. एसएमपीएस त्यात निर्दोष असतो. आतल्या फिल्टरचे दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून अर्थला जोडलेले असतात. अर्थिंग नसलं की पत्रा २३० च्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग करून घ्या. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या जुगाडात घालू नका.

यूपीएसच्या खोक्यावर ६०० व्हीए लिहिलेलं असतं, वॅट मात्र बहुधा ३६०. ऑफिसच्या मशीनला तेवढं पुरतं. ग्राफिक कार्डवालं मशीन गेम चालू असताना तिथे काठावर येतं, त्याला १००० व्हीए घ्या. आणि वीज गेल्यावर यूपीएस देतो तो वेळ फाइल सेव्ह करून मशीन बंद करण्यासाठी असतो, गेम पूर्ण करण्यासाठी नाही.

कॅबिनेटबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पुढे काच नको, जाळी हवी. नागपुरात मे महिन्यात खोलीच ४० च्या वर असते, तिथे बंद काचेचं कॅबिनेट म्हणजे भट्टी. पुढे दोन पंखे, मागे एक, धुळीची जाळी धुता येईल अशी. कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये जुळवून घ्या. रंगीत दिव्यांचे पैसे एसएसडीत घाला.

घेताना आणि जोडल्यावर

कोटेशन पूर्ण मॉडेल नंबरांसह मागा. ‘बी७६० बोर्ड’ हे मॉडेल नव्हे, ‘१६ जीबी डीडीआर५’ हेही नव्हे. प्रत्येक भागावर १८ टक्के जीएसटी आहे. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ म्हणणाऱ्याला नको म्हणा, कारण बिल आणि त्यावरचा सिरीयल नंबर नसेल तर पुढे वॉरंटीचं भांडण तुमच्या अंगावर येतं. ऑनलाइन मागवलं तर पार्सल फोडतानाचा सलग व्हिडिओ काढा. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं, वर सांगितलेल्या सगळ्या प्रोसेसरांत ते आहे. बायोसमध्ये बंद असेल तर चालू करा.

जोडताना रॅमच्या चार जागा असतील तर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी वापरा. प्रोसेसरची ८ पिन वायर आणि ग्राफिक कार्डाची ८ पिन वायर वेगळ्या आहेत. जोर लावावा लागतोय म्हणजे चुकीची हातात आहे. मॉनिटरची केबल कार्डाला लावा, बोर्डाला नाही.

एएम५ मशीन पहिल्यांदा सुरू केलं की कधीकधी काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे बोर्डाचं रॅमशी जुळवून घेणं, चाललेलं असतं. घाबरून बटण दाबलं तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं; चहा ठेवा आणि थांबा. विंडोज टाकल्यावर सीपीयू-झेडमध्ये प्रोसेसरचं नाव आणि रॅमचा वेग तपासा (तिथे निम्मा आकडा दिसतो, १६०० म्हणजे ३२००), क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडी किती तास चालली ते बघा. नव्या एसएसडीवर शेकडो तास दिसले तर ती कुठूनतरी परत आलेली आहे. रात्रभर मेमटेस्ट८६ लावा. एकही एरर आली तर रॅम बदलून घ्या, आणि ती सात दिवसांच्या आतच. खोकी माळ्यावर टाका, वॉरंटी संपेपर्यंत रद्दीत देऊ नका.