दर २८ दिवसांच्या इंजेक्शनची तयारी : न्यूरोएंडोक्राइन ट्युमरच्या पेशंटसाठी

सगळ्यात आधी कॅलेंडर काढा. न्यूरोएंडोक्राइन ट्युमर (थोडक्यात ‘नेट’) म्हणजे हार्मोनसारखी रसायनं सोडणाऱ्या पेशींची गाठ. ती रसायनं अडवणारं इंजेक्शन ऑक्ट्रिओटाइड एलएआर (‘एलएआर’ म्हणजे हळूहळू सुटणारं) असो की लॅनरिओटाइड, डॉक्टर ‘महिन्यातून एकदा’ म्हणतात तेव्हा त्यांना २८ दिवस म्हणायचं असतं. पहिलं इंजेक्शन मंगळवारी झालं तर पुढचं त्यानंतरच्या बरोबर चौथ्या मंगळवारी. ‘दर महिन्याच्या ५ तारखेला’ असा हिशोब धरला की दर खेपेला दोन-तीन दिवस मागे पडतात आणि शेवटच्या आठवड्यात जुलाब आणि चेहऱ्याची लाली परत डोकं वर काढते. वर्षाला अशी १३ इंजेक्शनं होतात, १२ नाही. पैशांची तरतूद, विम्याचे कागद, रजा, सगळं १३ धरूनच करा.

औषधाची ऑर्डर निदान आठ दिवस आधी द्या, कारण हे प्रत्येक मेडिकलमध्ये पडून नसतं. हातात आल्यावर तीन गोष्टी पाहा. एक, ताकद : ऑक्ट्रिओटाइड एलएआर १०, २० आणि ३० मिलिग्रॅममध्ये येतं, लॅनरिओटाइड ६०, ९० आणि १२० मध्ये. ही दोन वेगळी औषधं आहेत, एकाचा आकडा दुसऱ्याला लावायचा नाही. दोन, ‘एलएआर’ किंवा ‘डेपो’ हा शब्द. साध्या ऑक्ट्रिओटाइडच्या छोट्या अँप्युल्सही मिळतात; त्यांचा असर काही तासच टिकतो आणि नावाच्या सारखेपणामुळे चुकून तेच हातात पडू शकतं. तीन, मुदत आणि बॅच नंबर. तो वहीत उतरवून ठेवा.

घरी आणताना थर्मोकोलचा डबा आणि जेलपॅक घ्या, पण औषधाचं खोकं बर्फाला थेट चिकटू देऊ नका. मध्ये टॉवेलची घडी ठेवा. औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं आणि ते गोठलं तर वाया गेलं. म्हणून फ्रीजमध्ये मधला कप्पा धरा. फ्रीझरच्या खाली किंवा मागच्या भिंतीला टेकवून नको, आणि सारखं उघडबंद होणाऱ्या दारातही नको. भारनियमन असलेल्या गावात सरळ सांगायचं तर औषध घरी न ठेवता ज्या दिवशी टोचायचं त्याच दिवशी उचलणं बरं.

पहिल्या इंजेक्शनच्या आधी काही तपासण्या करून फाइलमध्ये लावा, नाहीतर पुढे काही बिघडलं तर आधी काय होतं ते कळायला मार्ग राहत नाही. पोटाची सोनोग्राफी करा आणि त्यात पित्ताशयाबद्दल काय लिहिलंय ते वाचा. उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), लिव्हरच्या तपासण्या, बी१२, ड जीवनसत्त्व आणि एक ईसीजी. वजन घरच्याच काट्यावर, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर. पुढे दर आठवड्याला त्याच काट्यावर. नेमक्या याच तपासण्या का, तर सोमॅटोस्टॅटिन हा शरीरात सगळीकडे ‘थांब’ म्हणणारा हार्मोन आहे आणि ही इंजेक्शनं त्याचंच काम करतात. ट्युमरमधून सुटणारी रसायनं ती अडवतात, पण त्याच झपाट्यात स्वादुपिंडाचे पाचकरस, पित्ताशयाचं आकुंचन, इन्शुलिन, कधी थायरॉइड आणि हृदयाची गतीही मंदावते. बहुतेक सगळे दुष्परिणाम या एका गोष्टीतून येतात.

टोचायच्या दिवशी औषध सीलबंद अवस्थेतच निदान अर्धा तास आधी फ्रीजबाहेर काढायला सांगा. गार औषध जास्त दुखतं, आणि एलएआरची पावडर गार द्रवात नीट मिसळत नाही. एलएआर टोचायला हात बसलेली सिस्टर हवी. द्रव कुपीत सोडल्यावर पावडर भिजायला ५ मिनिटं स्थिर ठेवायची, मग आडवी धरून निदान ३० सेकंद हलवायची, आणि दुधासारखं एकजीव झालं की लगेच टोचायचं. मध्ये फोन घेतला, नोंद करायला गेली, तर कण खाली बसतात आणि सुई तुंबते. असं झालं की अर्धा डोस आत आणि अर्धा सिरिंजमध्ये राहतो. म्हणून ‘सिस्टर, आधी मला झोपवा, मग मिसळा’ एवढं बिनधास्त म्हणा. हे कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या भागात, खोल स्नायूत जायला हवं. चरबीत राहिलं तर गाठ होते आणि औषध नीट शोषलं जात नाही, त्यामुळे अंगाने भारी माणसांनी सुईची लांबी पुरेल का ते आधी विचारून घ्यावं. लॅनरिओटाइड तयार सिरिंजमध्ये येतं आणि त्वचेखाली खोल जातं. त्याला कातडी चिमटीत धरायची नसते, ताणून सपाट करायची असते. सुई काटकोनात आणि दट्ट्या सावकाश, साधारण २० सेकंद घेऊन. औषध घट्ट असतं, घाई केली की दुखतं.

दर वेळी बाजू बदला आणि वहीत ‘डावी’ किंवा ‘उजवी’ असं लिहा. २८ दिवसांनी कुणालाच आठवत नसतं. टोचल्यावर जागा चोळू नका. वाटाण्याएवढी गाठ हाताला लागणं, ती काही आठवडे राहणं, एक-दोन दिवस ठणकणं हे चालायचं. जागा लाल आणि गरम झाली, ताप आला किंवा पू दिसला तर मात्र दाखवायला जा.

आता पोट. पहिल्या दोन-चार दिवसांत कळा, गुबारा, मळमळ आणि पातळ शौच ही नेहमीची तक्रार आहे, आणि पहिल्या काही इंजेक्शनांनंतर ती बऱ्याच जणांत ओसरते. त्या दिवसांसाठी मऊ भात, मुगाचं वरण, ताक, पेज असं हलकं आणि पाच-सहा वेळा थोडं थोडं खायची सोय घरात करून ठेवा. मिसळ, तळण, खोबऱ्याचं वाटण पुढच्या आठवड्यात. पण जुलाब टिकले तर ‘आजार वाढला’ किंवा ‘इंजेक्शन मानवत नाही’ असं घरच्या घरी ठरवू नका. नेटच्या पेशंटला जुलाब चार वेगळ्या कारणांनी होतात, त्यांचे उपचारही वेगळे आहेत, आणि सगळ्यात मोठी गफलत इथेच होते.

म्हणून संडासाच्या दाराशी वही आणि पेन टांगून ठेवा. वेळ, किती वेळा, रंग, पाण्यासारखं की चिकट, तरंगतं की बुडतं, आधी काय खाल्लं होतं, एवढंच लिहायचं. लाज वाटण्यासारखं यात काही नाही. डॉक्टरांना दहा रिपोर्टांतून जे कळत नाही ते या पानावर दिसतं. पाण्यासारखं, उपाशीपोटीही होणारं, रात्री झोपेतून उठवणारं आणि सोबत चेहरा लाल होत असेल तर ते बहुधा ट्युमरच्या रसायनांमुळे. ते इंजेक्शनच्या आधीच्या आठवड्यातच वाढत असेल तर डोस पुरत नाही, असा अर्थ निघू शकतो. मग डॉक्टर अंतर कमी करतात किंवा अधूनमधून साध्या ऑक्ट्रिओटाइडची जोड देतात. फिकट, तेलकट, घाण वासाचं, तरंगणारं, दोनदा पाणी टाकूनही भांड्याला चिकटून राहणारं आणि जेवणानंतर होणारं शौच म्हणजे चरबी पचत नाही : इंजेक्शनने स्वादुपिंडाचे रस कमी केलेत. तिसरं कारण पित्ताचं. लहान आतड्याचा शेवटचा भाग किंवा पित्ताशय काढलेलं असेल तर पित्त मोठ्या आतड्यात उतरून जळजळीत, पिवळट, घाईचे जुलाब होतात. त्याला कोलेस्टिरामिनची पावडर देतात. ती बाकीच्या गोळ्याही धरून ठेवते, म्हणून इतर गोळ्या तिच्या निदान एक तास आधी किंवा चार ते सहा तास नंतर. चौथं म्हणजे ऑपरेशनमध्ये आतडंच आखूड झालेलं असणं.

चरबीच्या शौचाचा संशय असेल तर शौचाची इलॅस्टेज तपासणी होते; २०० च्या खाली आकडा आला तर पाचकरस कमी. नमुना अगदी पाण्यासारखा असेल तर आकडा खोटा कमी येतो, त्यामुळे त्यातल्या त्यात घट्ट नमुना द्या. उपाय म्हणजे पॅनक्रियाटिन एन्झाइमच्या कॅप्सूल. मोठ्या माणसाला मुख्य जेवणाला साधारण २५,००० ते ५०,००० लायपेज (चरबी पचवणारं एन्झाइम) युनिट आणि मधल्या खाण्याला त्याच्या निम्मे अशी सुरुवात असते. तुमचा आकडा तुमचे डॉक्टर ठरवतील. घेण्याची पद्धत मात्र तुमच्या हातात आहे आणि ‘कॅप्सूलचा काही उपयोग झाला नाही’ म्हणणाऱ्यांचं बहुधा इथेच चुकलेलं असतं. जेवणाआधी अर्धा तास नाही, जेवून उठल्यावर नाही. पहिल्या घासाबरोबर एक, आणि दोन असतील तर दुसरी जेवणाच्या मध्यावर. साध्या पाण्याबरोबर गिळा. चहाबरोबर घेतली तर उष्णतेने एन्झाइम मरतात. चावायची नाही. नुसत्या फळाला किंवा कोऱ्या चहाला गरज नाही, पण दुधाच्या मोठ्या कपासोबत फरसाण किंवा खारी असेल तर हवी. उपवासाची साबुदाण्याची खिचडी हलकी समजली जाते, पण दाण्याचं कूट आणि तूप मिळून ती चरबीचं जेवणच आहे. त्या दिवशीही कॅप्सूल घ्या. डबी २५ अंशांच्या खाली राहायला हवी, म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात गाडीत किंवा फ्रीजच्या डोक्यावर ठेवू नका. आणि या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. ज्यांना धर्माने किंवा शाकाहारामुळे अडचण आहे त्यांना हे आधी कळायलाच हवं. मग डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून ठरवता येतं.

तेल-तूप पूर्ण बंद करणं हा यावरचा उपाय नाही. नेटच्या पेशंटचं वजन आधीच उतरलेलं असतं, त्यात घरचे मायेपोटी सगळं उकडलेलं देतात आणि महिन्याभरात आणखी दोन किलो जातात. एन्झाइमचा डोस जेवणाला पुरेसा करा आणि वरणावर चमचाभर तूप राहू द्या. चरबी बरेच महिने वाहून गेली तर तिच्यासोबत अ, ड, ई आणि के जीवनसत्त्वंही जातात, म्हणून ड जीवनसत्त्व, आणि त्यासोबत बी१२ही, वर्षातून एकदा तपासा.

घरात ओआरएसची पाकिटं ठेवा, आणि पाकिटावर किती पाण्यात घालायचं ते वाचून तेवढंच पाणी घ्या. तयार गोड पेयांचे खोके ओआरएस नव्हेत. काहीच नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ. लोपेरामाइड (जुलाब थांबवणारी गोळी) डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं असेल तरच घ्यावं, आणि ताप किंवा शौचात रक्त असेल तर अजिबात नाही.

साखर दोन्हीकडे हलते. इन्शुलिन दबल्यामुळे ती वाढण्याकडे कल जास्त, पण ग्लुकागॉन (साखर वाढवणारा हार्मोन) हेही दबतं, त्यामुळे इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड (मधुमेहाची गोळी) घेणाऱ्यांना ती घसरण्याचाही धोका असतो. मधुमेह असेल तर पहिल्या इंजेक्शननंतर आणि डोस बदलेल तेव्हा दोन आठवडे ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी बघा. आकडा ७० च्या खाली गेला तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, १५ मिनिटांनी परत तपासा. इन्सुलिनोमा (इन्शुलिन सोडणारा ट्युमर) असलेल्यांनी तर पहिला डोस डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यावा, कारण त्यांची साखर या औषधाने आणखी उतरू शकते.

नाडी मोजायला शिका. मिनिटाला ५० च्या खाली जाऊन चक्कर येत असेल तर ईसीजी काढायला जा, आणि बीटा ब्लॉकर (नाडी मंद करणाऱ्या, रक्तदाबाच्या गोळ्या) चालू असतील तर ते पहिल्याच भेटीत सांगा. केस विरळ होणं आणि थकवा येणं हे दोन्ही औषधाने होतं. पण थकव्यासोबत थंडी सहन न होणं आणि बद्धकोष्ठ असेल तर टीएसएच परत करा.

पित्ताशयात गाळ आणि खडे होणं हा लांब पल्ल्याचा त्रास. सोनोग्राफी सहा महिने ते वर्षाने करत राहा. नुसते खडे दिसले आणि त्रास नसेल तर घाबरायचं कारण नाही. उजव्या बरगडीखाली जेवणानंतर तासन्‌तास कळ, ती खांद्याकडे जाणं, सोबत थंडी-ताप, डोळे पिवळे होणं, किंवा बेंबीच्या वर सुरू होऊन पाठीत घुसणारी कळ आणि उलट्या असतील तर रात्र असली तरी थांबू नका. ट्युमरसाठी पोटाचं ऑपरेशन ठरत असेल तर त्याच वेळी पित्ताशय काढायचं का, हे सर्जनना आधीच विचारा.

तपासण्यांच्या तारखा इंजेक्शनला जुळवून घ्या. गॅलियम डोटाटेट पेट स्कॅन (ट्युमर कुठे कुठे आहे ते दाखवणारा) बहुधा पुढच्या इंजेक्शनच्या अगदी आधी ठेवतात. ल्युटेशियमच्या (ट्युमरपर्यंत किरणोत्सर्गी औषध पोचवणाऱ्या) उपचाराआधी लांब असराचं इंजेक्शन चार आठवडे आणि साधं २४ तास बंद ठेवतात. इंजेक्शन घेऊन स्कॅनला पोचलात तर परगावची खेप फुकट जाऊ शकते. चोवीस तासांच्या लघवीतल्या ५-एचआयएए (ट्युमरच्या रसायनाचा लघवीत उतरणारा अंश) तपासणीच्या तीन दिवस आधीपासून केळी, अननस, टोमॅटो, वांगी, किवी आणि अक्रोड बंद. आणि खोकल्याचं औषध किंवा पॅरासिटामॉल चालू असेल तर लॅबला सांगा.

शेवटी एक जाड कागद, फाइलच्या पहिल्या पानावर आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये : आजाराचं नाव, औषध, ताकद, शेवटची तारीख, बाजू, डॉक्टरांचा फोन. कार्सिनॉइड सिंड्रोम (ट्युमरच्या रसायनांमुळे होणारी लाली आणि जुलाब) असलेल्यांनी त्यावर मोठ्या अक्षरात लिहावं, ‘भूल देण्याआधी ऑक्ट्रिओटाइड तयार ठेवा’. भुलेच्या वेळी ट्युमर एकदम रसायनं सोडून रक्तदाब कोसळवू शकतो, म्हणून हा कागद मोतीबिंदूच्या ऑपरेशनलाही न्यायचा आणि दाताच्या डॉक्टरांनाही, त्यांनी ॲड्रिनॅलिन मिसळलेलं बधिरीचं इंजेक्शन भरण्याआधी.