रेन लिलीला नुसती पात येते, फूल नाही? या चुका टाळा

रेन लिलीबद्दलची तक्रार बहुतेक घरांतून एकच ऐकू येते. पात हिरवीगार, दाट, कुंडीच्या कडेवरून खाली झुकलेली. फूल मात्र एकही नाही. मग खत वाढतं, पाणी वाढतं आणि फुलं आणखीच लांबतात. या झाडाची निम्म्याहून अधिक दुखणी अति काळजीतून आलेली असतात, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

रोज पाणी घालणं

सगळ्यांत मोठी चूक हीच. रेन लिली मूळची अमेरिका खंडातली. मेक्सिको आणि कॅरिबियन बेटांपासून खाली अर्जेंटिनापर्यंत तिच्या जाती आढळतात. त्यातल्या बऱ्याच जाती कोरडा काळ आणि त्यानंतरचा दमदार पाऊस या चक्राला सरावलेल्या आहेत. जमीन सुकलेली असताना तिचा मातीतला कांदा स्वस्थ पडून असतो. माती खोलवर भिजली की आत तयार असलेल्या कळीचा दांडा झपाट्याने वर येतो आणि तीन-पाच दिवसांत फूल उमलतं. बारा महिने ओल्या राहणाऱ्या कुंडीत हा इशारा मिळतच नाही.

विदर्भातले संत्रा बागायतदार पाणी तोडून झाडाला ताण देतात आणि मग बहार धरतात. रेन लिलीलाही असाच ताण लागतो. कुंडी कांद्यांनी भरलेली आणि रुळलेली असेल तर एप्रिल-मेमध्ये दोन-तीन आठवडे पाणी बंद करा. पात थोडी मलूल होईल, काही पानं पिवळी पडतील. घाबरू नका, कांदा आत सुरक्षित असतो. मग एके दिवशी कुंडीच्या तळातून पाणी वाहीपर्यंत भरपूर पाणी द्या आणि दुसऱ्या दिवशीही तसंच करा. साधारण आठवड्याभरात दांडे दिसायला हवेत. रोज पेलाभर पाण्याने वरची दोन बोटं माती तेवढी ओली होते, कांद्याच्या मुळांपर्यंत काही पोचत नाही.

वळवाच्या सरी सुरू झाल्या की कुंड्या छपराखालून बाहेर काढा. गच्चीवर, कठड्यावर, जिथे पाऊस थेट पडेल तिथे ठेवा. पावसाळ्यात आठ-दहा दिवस उघडीप मिळाली आणि पुन्हा जोराची सर आली की नवा बहर येतो. एक फूल एखाद-दोन दिवसच टिकतं, पण कुंडीत कांदे भरपूर असतील तर एका बहरात आठवडाभर रंग दिसतो.

इथे एक अपवाद आहे आणि तो माहीत नसल्यामुळे पुष्कळ गोंधळ होतो. पांढऱ्या फुलांची, गोलसर, लसणाच्या पातीपेक्षाही बारीक पानांची जी रेन लिली असते (झेफिरँथस कँडिडा), ती अर्जेंटिना-उरुग्वेच्या बाजूची, ओलसर जागा मानवणारी जात आहे. तिला कडक ताण देऊ नका. तिचा मुख्य बहर पावसाळ्याच्या उत्तरार्धात, साधारण ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत येतो. जूनमध्ये शेजारची गुलाबी फुललेली पाहून पांढरीला खतांचा मारा करणाऱ्यांनी थोडं थांबावं. तिची वेळ अजून यायची असते.

सावलीत ठेवणं

पात सावलीतही छान वाढते, म्हणून फसायला होतं. फुलांसाठी रोज निदान पाच-सहा तास ऊन हवं. पान लांबलचक, मऊ आणि आडवं पडणारं झालं असेल तर ऊन कमी पडतंय असं समजा. उत्तरेकडच्या बाल्कनीत रेन लिलीचा हट्ट धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

माती आणि तळातली थाळी

रोपवाटिकेतून आणलेली रोपं पुष्कळदा निव्वळ कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) असतात. उन्हाळ्यात ते चालून जातं, पण जुलैच्या संततधारेत कोकोपीट पाणी धरून ठेवतं आणि कांदे कुजतात. देशावरच्या काळ्या चिकण मातीतही हीच गत होते. एक भाग बागेची माती, एक भाग चाळलेलं जुनं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाडसर वाळू हे मिश्रण बहुतेक ठिकाणी चालतं. कोकणातल्या तांबड्या मातीत वाळू थोडी कमी घातली तरी निभावतं. कुंडीच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवा आणि पावसाळ्यात खालची थाळी काढूनच टाका.

कांदा कुजल्याची खूण म्हणजे पान हलकं ओढलं तरी बुडापासून निघून येतं आणि त्याला घाण वास येतो. असं दिसलं तर कुंडी लगेच उपसा. मऊ पडलेले कांदे फेकून द्या. घट्ट कांद्यांची कुजलेली मुळं कापा, दोन-तीन दिवस सावलीत सुकवा आणि कोरड्या, नव्या मातीत लावा. त्यांना लगेच पाणी देऊ नका.

कांदे खोल पुरणं आणि सारखे हलवणं

कांद्याची मान मातीच्या पातळीला येईल इतपतच पुरायचं असतं. आठ इंची कुंडीत आठ-दहा कांदे लावा. एका कुंडीत दोन कांदे लावले तर कुंडी भरायलाच फार काळ जातो. रेन लिलीला दाटी आवडते. कांद्याला बाजूने पिल्लं फुटत राहतात आणि गड्डा घट्ट झाला की फुलं वाढतात. म्हणून दरवर्षी कुंडी मोकळी करण्याचा उत्साह आवरावा. तीन-चार वर्षांनी फुलं कमी व्हायला लागली किंवा कांदे मातीतून वर ढकलले जाऊ लागले, तेव्हाच विभागणी करा. नव्याने लावलेले कांदे पहिल्या वर्षी फुलले नाहीत तर त्यात काही बिघडलेलं नसतं.

पात कापणं

सोसायटीच्या बागेत गवताबरोबर लिलीच्या वाफ्याच्या कडाही यंत्राने सफाचट केल्या जातात. घरीही कात्री फिरते, कारण पात विस्कटलेली दिसते. पण पुढच्या फुलांसाठी लागणारं अन्न हीच पात बनवून कांद्यात साठवते. पिवळं, वाळलेलं पान तेवढं काढा. ताणाच्या काळात सगळी पात वाळून कुंडी रिकामी दिसली तरी ती रिकामी समजून माती ओतून देऊ नका. एक बोट खाली उकरून पाहा.

खताचा मारा

युरिया किंवा नत्र जास्त असलेलं कुठलंही खत दिलं की सगळी ताकद पातीत जाते. पावसाच्या तोंडावर मूठभर जुनं शेणखत, सोबत थोडं बोनमील (हाडांचा चुरा) आणि निंबोळी पेंड एवढं वर्षाला पुरतं.

बिया डबीत जपून ठेवणं

पिवळ्या जातीला (झेफिरँथस सिट्रिना) बिया भरपूर धरतात. तीन कप्प्यांचं छोटं बोंड पिकून उकललं की आत काळ्या, कागदासारख्या चपट्या बिया दिसतात. या ताज्या असतानाच पेरायच्या. पुढच्या वर्षासाठी ठेवल्या तर उगवण फार घटते. मातीवर पसरून वर पातळ थर द्या आणि ओल टिकवा. फूल यायला एखाद-दोन वर्षं लागतात. मोठ्या गुलाबी फुलाच्या जातीला (झेफिरँथस कॅरिनाटा) बिया क्वचितच धरतात, तिची वाढ कांद्यांच्या पिल्लांवरूनच करा.

रात्रीत पात फस्त होते तेव्हा

पावसाळ्यात पात अचानक कुरतडलेली दिसली तर पानांच्या खालच्या बाजूला आणि बुडाशी पाहा. काळ्या अंगावर पांढरे आणि तांबडे-केशरी ठिपके असलेल्या अळ्या दिसल्या तर त्या लिलीच्या पतंगाच्या आहेत. कळलावी, नागदवणा आणि लिलीची इतर भावंडं हे त्यांचं खाद्य. त्या ठळक दिसतात, म्हणून हातमोजा घालून वेचून साबणाच्या पाण्यात टाकणं हाच सगळ्यांत खात्रीचा उपाय. थोड्या कुंड्यांसाठी विषारी फवारणी करू नये. गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन वेचाव्या लागतात. बुडाशी पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. ओल्या कापडाने पुसून निंबोळी तेलाची फवारणी आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा करा.

भाजीच्या कुंडीशेजारी लावणं

ही चूक फुलांपेक्षा माणसांच्या जिवाशी संबंधित आहे. रेन लिलीच्या सगळ्या भागांत, विशेषतः कांद्यात, विषारी अल्कलॉइड असतात. पोटात गेले तर मळमळ, उलट्या, जुलाब होतात. फुलं नसताना पांढऱ्या जातीची पात लसणाच्या किंवा कांद्याच्या कोवळ्या पातीसारखी दिसते आणि उपटलेला कांदा छोट्या घरगुती कांद्यासारखा. गच्चीत दोन्ही असतील तर कुंड्या दोन टोकांना ठेवा आणि लिलीच्या कुंडीवर नावाची पट्टी लावा. घरात रांगतं मूल, मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी उंचावर हवी. विभागणी करताना उघडे पडलेले कांदे जमिनीवर सोडून आत जाऊ नका.