एआय कोड लिहितोय, तरी प्रोजेक्ट लांबतोय? प्लॅनिंगमधल्या या चुका टाळा

हल्ली बऱ्याच टीममध्ये एकच तक्रार ऐकू येते. कोपायलट, कर्सर, क्लॉड कोड या एआय कोडिंग साधनांपैकी काही ना काही प्रत्येकाच्या हातात आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच स्टँडअपमध्ये (रोजच्या छोट्या बैठकीत) ‘फीचर जवळपास झालंय’ असं सांगितलं जातं आणि रिलीजची तारीख मात्र पूर्वीसारखीच पुढे ढकलली जाते. डेव्हलपर म्हणतात, आम्ही दुप्पट काम करतोय. मॅनेजर विचारतो, मग ते जातंय कुठे? गंमत म्हणजे दोघंही खरंच बोलत असतात.

घोडं पेंड खातं ते प्लॅनमध्ये. प्लॅन अजूनही कोड लिहायला लागणाऱ्या वेळेभोवती बांधलेला असतो. वेळ आता जातो तो नेमकं काय हवंय हे ठरवण्यात, आलेला कोड वाचण्यात आणि तो टिकेल याची खात्री करण्यात. खालच्या बहुतेक चुका यातूनच निघतात.

डेमो पाहून एस्टिमेट कापणं

आयबीएमच्या सिस्टिम/३६० या अवाढव्य प्रकल्पाचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये एक ठोकताळा मांडला होता: एकूण वेळेतला एक तृतीयांश नियोजनाला, एक षष्ठांश कोडिंगला आणि उरलेला अर्धा टेस्टिंगला. हे प्रमाण आजच्या प्रत्येक टीमला तंतोतंत लागू पडणार नाही, पण हिशोब करून बघा. १२ आठवड्यांच्या कामात कोडिंगचे आठवडे दोन. एआयने ते निम्म्यावर आणले तर वाचला एक आठवडा. क्लायंटला मात्र डेमोच्या उत्साहात ‘सहा आठवड्यांत देतो’ असं सांगून झालेलं असतं.

दुसरी अडचण म्हणजे किती वेळ वाचला हे काम करणाऱ्यालाही नीट कळत नाही. मेटर या संशोधन संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांना त्यांच्याच ओळखीच्या रेपॉझिटरीतली (प्रोजेक्टच्या कोडसाठ्यातली) २४६ कामं दिली. काही कामांत एआय वापरायची मुभा, काहींत नाही. एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. सुरू करण्याआधी याच मंडळींचा अंदाज होता की २४ टक्के वेळ वाचेल, आणि सगळं संपल्यावरही त्यांना वाटत होतं की २० टक्के वाचला! मुरलेली माणसं, ओळखीचा कोड आणि २०२५ च्या सुरुवातीची साधनं अशी ती परिस्थिती होती. त्यामुळे एआयने काम मंदावतं असा सरसकट निष्कर्ष कुणी काढू नये. पण ‘मला वाटतं, निम्म्या वेळेत होईल’ या वाक्यावर तारीख ठरवणाऱ्याने हा प्रयोग लक्षात ठेवावा.

त्यापेक्षा मागची पंधरा-वीस टिकेटं (कामांच्या नोंदी) काढा. काम सुरू झाल्यापासून प्रॉडक्शनला (प्रत्यक्ष वापरात) जाईपर्यंत किती दिवस गेले आणि त्यातले कोडिंगचे, रिव्ह्यूचे (दुसऱ्याने कोड तपासण्याचे), टेस्टिंगचे, नुसतं पडून राहण्याचे किती, हे वेगवेगळं लिहा. जिरा किंवा तत्सम कुठल्याही टूलमध्ये टिकेट कधी कुठल्या कॉलममध्ये गेलं याची नोंद असतेच. बहुतेकदा सगळ्यात मोठा आकडा पडून राहण्याचा निघतो, आणि त्यावर कुठलाही कोडिंग असिस्टंट चालत नाही.

रिव्ह्यूची रांग न मोजणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगांचा एक नियम आहे: रांगेत सरासरी किती कामं आहेत, त्याला रोज किती बाहेर पडतात याने भागलं की एका कामाला सरासरी किती दिवस लागतात ते मिळतं. समजा टीममध्ये कुठल्याही दिवशी २० पीआर (तपासून मुख्य कोडमध्ये घेण्यासाठी पाठवलेले बदल) उघडे असतात आणि रोज ५ मर्ज (मंजूर होऊन समाविष्ट) होतात. म्हणजे एक पीआर सरासरी ४ दिवस अडकतो. आता एआयमुळे पीआर पटापट यायला लागले आणि उघड्यांचा ढीग ४० वर गेला. रिव्ह्यू करणारी माणसं तीच, रोजचे मर्ज ५ च. आता मुक्काम ८ दिवसांचा. कोड लवकर लिहून झाला आणि ग्राहकाकडे उशिरा पोचला. त्यात ८ दिवस पडून राहिलेल्या ब्रँचला (कोडच्या वेगळ्या प्रतीला) इतरांच्या बदलांशी कॉन्फ्लिक्ट येतात, ते सोडवले की पुन्हा टेस्ट, पुन्हा रिव्ह्यू.

संख्येइतकाच आकारही नडतो. सिस्कोमधल्या कोड रिव्ह्यूंचा स्मार्टबेअर कंपनीने अभ्यास केला होता. एका बैठकीत २०० ते ४०० ओळींपर्यंत माणूस नीट तपासू शकतो, त्यापुढे चुका सापडण्याचं प्रमाण घसरतं, असा त्याचा निष्कर्ष. एजंटला, म्हणजे स्वतःहून काम करणाऱ्या एआयला, हजार ओळी लिहायला काहीच कष्ट पडत नाहीत. रिव्ह्यू करणारा मग स्क्रोल करत खाली जातो, वरवर सगळं नीटनेटकं दिसतं, नावं छान, कमेंट व्यवस्थित, आणि ‘एलजीटीएम’ (‘मला ठीक वाटतंय’) लिहून मोकळा होतो. सॉफ्टवेअर डिलिव्हरीचा अभ्यास करणाऱ्या गूगलच्या डोरा गटाच्या २०२४ च्या अहवालात एआयचा वापर २५ टक्क्यांनी वाढला की डिलिव्हरीची स्थिरता अंदाजे ७.२ टक्क्यांनी घटते असं आढळलं होतं. एका वेळी सोडल्या जाणाऱ्या बदलांचा आकार वाढणं हे त्यामागचं कारण असावं, असा त्यांचा कयास होता. २०२५ च्या अहवालात वेगाचं चित्र सुधारलं, अस्थिरता मात्र कायम राहिली.

रोग ओळखायचा कसा? पीआर उघडल्यापासून पहिली कमेंट येईपर्यंतचा वेळ वाढत चालला असेल, मोठ्या पीआरवर छोट्यांपेक्षा कमी कमेंट पडत असतील आणि सीनिअर मंडळींची स्वतःची टिकेटं स्प्रिंटमागून स्प्रिंट (ठराविक आठवड्यांच्या कामाच्या फेऱ्या) पुढे सरकत असतील, तर रांग तुंबलीय असं समजा.

उपाय कंटाळवाणे आहेत, पण लागू पडतात. रिव्ह्यू कॉलममध्ये एका वेळी किती पीआर असू शकतात यावर मर्यादा घाला. ती भरली की नवं टिकेट उचलायचं नाही, आधी कुणाचा तरी रिव्ह्यू करायचा. पीआर मोठा असेल तर तोडून पाठवायचा, आणि तोडण्याचं काम एजंटलाच सांगता येतं. स्प्रिंट प्लॅनिंगमध्ये रिव्ह्यूचे तास प्रत्येकाच्या नावावर धरा, ‘फावल्या वेळात होईल’ म्हणून सोडू नका. ज्याने पीआर पाठवला त्याने तो आधी स्वतः वाचलेला असलाच पाहिजे. ‘हे असं का केलं?’ यावर ‘एआयने केलं’ असं उत्तर आलं, तर पीआर तिथेच परत. एआय रिव्ह्यूअरची पहिली नजर फिरवून घ्यायला हरकत नाही, मात्र मंजुरी माणसाचीच.

अर्धवट टिकेट एजंटच्या हाती देणं

समजा टिकेट असं आहे: ‘कूपन टाकल्यावर बिलात १० टक्के सवलत लागू करावी.’ माणसाच्या हातात हे पडलं असतं तर तासाभरात तो प्रॉडक्ट ओनरकडे (प्रॉडक्टमध्ये काय हवं ते ठरवणाऱ्याकडे) गेला असता: सवलत मूळ किमतीवर की करासकट रकमेवर? राउंडिंग प्रत्येक ओळीला की शेवटच्या बेरजेला? परतावा आला तर कूपन पुन्हा जिवंत होणार का? एजंटही कधी कधी विचारतो, पण बऱ्याचदा काहीतरी गृहीत धरून पुढे जातो. वर टेस्टही तोच लिहितो, त्याच गृहीतकावर. टेस्ट हिरव्या, पाइपलाइन हिरवी, डेमो झकास. हिशोब तपासणाऱ्याला महिनाअखेर बिलांच्या बेरजा जुळत नाहीत तेव्हा कुठे कळतं की सवलत एकूण बेरजेवर काढून राउंड केलीय आणि कर मात्र ओळीगणिक मोजलाय.

पूर्वी डेव्हलपरच्या संथपणामुळे असे प्रश्न आपसूक वर यायचे. तो संथपणा गेला, पण त्या प्रश्नांसाठी प्लॅनमध्ये नवी जागा कुणी केली नाही. ती करावी लागेल. टिकेट ‘तयार’ म्हणण्याआधी त्यात किमान तीन ठोस उदाहरणं आकड्यांसकट हवीत, आणि त्यातलं एक तरी वाकडं: शून्य रकमेचं बिल, दोन कूपन, अर्धवट परतावा. स्वीकृतीच्या टेस्ट या उदाहरणांवरून लिहा, कोडवरून नको. आणि एजंटला सुरुवातीलाच सांगा की तू काय काय गृहीत धरतोयस त्याची यादी आधी दे. ती यादी प्रॉडक्ट ओनरने पाच मिनिटं वाचली तरी पुढचे दोन दिवस वाचतात.

वेलॉसिटीचा आलेख पाहून खूश होणं

स्टोरी पॉइंट हे कामाच्या आकाराचं, एका टीमपुरतं, सापेक्ष माप आहे; एका स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेल्या पॉइंटची बेरीज म्हणजे वेलॉसिटी. एआय आल्यावर जुन्याच अंदाजाने पॉइंट देत राहिलात तर आलेख वर जातो, वरचे खूश होतात आणि पुढच्या तिमाहीत तोच आकडा टार्गेट बनतो. मग टीम पॉइंट फुगवायला शिकते. ‘किती टक्के कोड एआयने लिहिला’ हाही तसलाच आकडा. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुंदर पिचाई यांनी गूगलमधला पाव हिश्श्याहून जास्त नवा कोड एआय तयार करतो असं सांगितलं. ते सगळीकडे फिरलं. इंजिनिअर तो तपासून स्वीकारतात, हा त्याच वाक्याचा उरलेला अर्धा भाग मात्र कुणाच्या स्लाइडवर दिसत नाही.

मोजायचंच असेल तर प्रॉडक्शनला जाईपर्यंतचा वेळ, रिलीजनंतर मागे घ्यावे लागलेले बदल, आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा लिहावा लागलेला कोड मोजा.

परवानग्यांकडे आणि पॅकेजेसकडे दुर्लक्ष

हा विषय सिक्युरिटीवाल्यांचा म्हणून मॅनेजर सोडून देतात. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या एआय कोडिंग प्लॅटफॉर्मच्या एजंटने कोड फ्रीज (बदल बंद ठेवण्याचा काळ) चालू असताना एका वापरकर्त्याचा प्रॉडक्शन डेटाबेस पुसून टाकला. कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली आणि डेव्हलपमेंट व प्रॉडक्शनचे डेटाबेस वेगळे करण्याचं काम हाती घेतलं. कोड फ्रीज ही प्लॅनमधली तारीख असते, पण एजंटला ती परवानगीच्या रूपात दिसली नाही तर तिचा उपयोग शून्य.

पॅकेजेसचंही (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या संचांचंही) तेच. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६ मॉडेलनी लिहिलेले ५,७६,००० नमुने तपासले. सुचवलेल्या पॅकेजेसपैकी सुमारे २० टक्के अस्तित्वातच नव्हती. असं नाव कुणी आधीच नोंदवून त्यात घातक कोड भरून ठेवला, तर इन्स्टॉल करताक्षणी तो तुमच्या मशीनवर. त्यामुळे नवी डिपेंडन्सी (बाहेरचं पॅकेज) माणसाच्या मंजुरीशिवाय आत येऊ देऊ नका.

प्रोजेक्ट आधीच अडकला असेल तर

आधी दोन दिवस नवं काम उचलणं बंद करा. उघडे पीआर समोर ठेवा आणि प्रत्येकासाठी एकच प्रश्न विचारा: हा कोड समजावून सांगू शकेल असं माणूस टीममध्ये आहे का? असेल तर रिव्ह्यू करून मर्ज करा. नसेल तर तो पीआर बंद करून टिकेट नव्या उदाहरणांसह पुन्हा लिहा. हे जिवावर येतं, कारण ‘झालेलं’ काम फेकल्यासारखं वाटतं. पण तो कोड पुन्हा लिहून घ्यायला एक दुपार लागते आणि न समजलेला कोड प्रॉडक्शनला गेला तर ऑन-कॉलवाल्याची (अडचण आली की धावणाऱ्याची) रात्र जाते.

मग रिव्ह्यूच्या खऱ्या वेगावरून तारीख नव्याने काढा आणि क्लायंटला लगेच सांगा. सोबत टप्प्यांचा हिशोबही दाखवा: कोडिंगला तीन दिवस, तपासणीला नऊ. ‘एआय वापरताय, मग उशीर का?’ हा प्रश्न येणारच आहे, आणि त्याचं उत्तर त्या नऊ दिवसांच्या यादीत ओळीवार लिहिलेलं असायला हवं.