वजन वाढू नये म्हणून ॲप वापरताय? या चुका टाळा

विशी-तिशीत वजन एकाएकी वाढत नाही. ते वर्षाकाठी थोडे थोडे वाढत जाते आणि लक्षात येईपर्यंत लठ्ठपणा जवळ आलेला असतो. ही संथ वाढ वेळेवर दाखवण्याचे काम ॲप, मनगटी पट्टा आणि डिजिटल वजनकाटा चांगले करतात. मात्र दिसलेल्या आकड्यावर काय करायचे हे आधी ठरवलेले नसेल, तर त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

पट्टा बांधला म्हणजे काम झाले, असे समजणे ही सर्वांत मोठी चूक आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाच्या 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 18 ते 35 वयोगटातील, वजन आधीच जास्त असलेल्या 471 जणांना आहार, व्यायाम आणि समुपदेशनाची मदत मिळाली, आणि सहा महिन्यांनंतर त्यांतील एका गटाला पट्टा व त्याला जोडलेले संकेतस्थळ देण्यात आले. दोन वर्षांअखेर पट्टा वापरणाऱ्यांचे वजन सरासरी 3.5 किलोने, तर न वापरणाऱ्यांचे 5.9 किलोने कमी झाले होते.

‘इतक्या कॅलरी जाळल्या’ या आकड्यावर विसंबून तेवढे जास्त खाणे हीही नेहमीची चूक. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2017 मध्ये सात मनगटी साधने तपासली, तेव्हा नाडीचे ठोके बहुतेकांनी बऱ्यापैकी अचूक मोजले. परंतु खर्च झालेल्या ऊर्जेचा अंदाज सर्वांत अचूक साधनाचाही सरासरी 27 टक्क्यांनी चुकला. दहा हजार पावलांचे उद्दिष्टही 1965 मधील एका जपानी पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाले आहे. तेवढी पावले झाली नाहीत म्हणून दिवस वाया गेला असे मानू नये. आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अधिक भरवशाची आहे.

रोजच्या चढउताराने घाबरून जाऊ नये. मीठ, पाणी, मासिक पाळी यांमुळे काटा एका दिवसात किलोभरही हलू शकतो, म्हणून वजन सकाळी ठरावीक वेळी करावे आणि आठवड्याची सरासरी पाहावी. 599 तरुणांवरील, 2016 मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सहभागींना नियमित वजन करून ते हिरव्या (ठीक), पिवळ्या (सावध) की लाल (बदल हवाच) टप्प्यात येते हे पाहायला आणि त्यानुसार वागायला शिकवले होते. रोजच्या सवयींत लहान बदल करणारे आणि सुरुवातीलाच मोठा बदल करणारे, अशा दोन्ही गटांत सुमारे तीन वर्षांत वजनवाढ तुलनेच्या गटापेक्षा कमी राहिली. ही पद्धत मला सर्वांत पटते, कारण तिच्यात आकड्याबरोबर पुढची कृतीही ठरलेली असते. आपणही सरासरी किती वाढली की नेमके काय बदलायचे, हे आजच लिहून ठेवावे.

प्रत्येक घासाची नोंद करण्याचा हट्ट बहुधा लवकरच सुटतो. त्यापेक्षा महिन्यातून काही ठरावीक दिवसांच्या नोंदी पुरतात. मात्र नोंदींमुळे अपराधी वाटू लागले, जेवण टाळावेसे वाटले किंवा दिवसातून अनेकदा वजन करण्याची ओढ लागली, तर ॲप त्वरित बंद करून डॉक्टरांशी बोलावे.