मोठेपणी पोहायला शिकताय? आधी पाण्यात श्वास सोडायला शिका

उन्हाळा आला की शहरातले सगळे पूल भरतात आणि दरवर्षी मला तेच दिसतं. तिशी-चाळिशीतलं कोणीतरी, तब्येतीने धडधाकट, कठडा सोडून निघतं, सात-आठ हात जीव खाऊन मारतं आणि मग मध्येच उभं राहून धापा टाकायला लागतं. काठावरून लगेच सल्ला येतो, "स्टॅमिना वाढवा!" अहो, हाच माणूस रोज चार मजले जिने चढून जातो आणि त्याला दम लागत नाही. त्याचा घोळ एकच आहे, तो पाण्यात श्वास सोडत नाहीये.

मी स्वतः चौतिसाव्या वर्षी शिकले आणि माझा पहिला अख्खा उन्हाळा ह्याच एका गोष्टीपायी वाया गेला. त्यानंतर दरवर्षी मैत्रिणी, ऑफिसमधले लोक, शेजारपाजारचे असे बऱ्याच जणांना छातीएवढ्या पाण्यात उभी राहून शिकवलंय, आणि हात-पाय सगळ्यांना येतात, अडतात ते सगळे श्वासापाशीच. म्हणून बाकी सगळं मी पटापट सांगणारे आणि श्वासाला भरपूर जागा देणारे. हे मोठ्या माणसांसाठी आहे, लहान मुलं वेगळ्या पद्धतीने शिकतात.

पूल आणि वेळ

पहाटेची पहिली बॅच किंवा रात्रीची शेवटची. दुपारचं ऊन टाळा, पाण्यात असलो की कातडी भाजतेय हे कळत नाही. पाण्याचा तळ स्वच्छ दिसला पाहिजे, दिसत नसेल तर त्या दिवशी उतरू नका, कारण तळ तुम्हाला दिसत नाही म्हणजे तळाशी गेलेलं कोणी लाइफगार्डलाही दिसणार नाही. लाइफगार्ड जागेवर नसेल तरी परत फिरा. आणि ज्याला आपण "क्लोरीनचा वास" म्हणतो तो बऱ्याचदा क्लोरीन घाम-लघवीशी मिसळून तयार झालेल्या क्लोरामाइन्सचा असतो, तेव्हा उतरण्याआधी साबण लावून शॉवर घ्याच.

सामान

घट्ट बसणारा गॉगल, कॅप, पोहण्याचे कपडे. गॉगल पट्टा न लावता डोळ्यांवर दाबून बघा, क्षणभर चिकटून राहिला तर तो तुमच्या चेहऱ्याचा. नाकाला लावायची क्लिप सुरुवातीला घेऊ नका, का ते पुढे येईल. हवा भरायची रिंग तर अजिबात नको, तिने शरीर उभं राहतं आणि आपल्याला आडवं व्हायचंय.

उभं राहायला शिका, मग तरंगायला

हे कोणी शिकवत नाही आणि भीती इथेच बसते. पालथं तरंगत असताना परत पायावर यायचं कसं? गुडघे छातीकडे ओढा, दोन्ही हात पाण्यात खाली दाबा, पाय तळाला लागले की मगच डोकं वर काढा. डोकं आधी काढलंत तर पाय मागे वर राहतात आणि गटांगळी ठरलेली. दहा वेळा करा. एकदा "मी कधीही उभी राहू शकते" हे अंगात भिनलं की तरंगायला पाच मिनिटं पुरतात, दीर्घ श्वास घ्यायचा, चेहरा पाण्यात, नजर सरळ खाली तळाकडे, हात पुढे, अंग सैल. पाय हळूहळू खाली गेले तर घाबरू नका, फुप्फुसांतली हवा छातीला उचलून धरते आणि पायांना तसा आधार नसतो, त्यामुळे बहुतेकांचे जातातच.

आता श्वास

मी शिकत होते तेव्हा मला सगळे सांगायचे "श्वास घे, श्वास घे". मी घ्यायचे. चेहरा पाण्यात गेला की तो छातीत कोंडून ठेवायचे, मग तोंड बाहेर आलं की त्या जेमतेम सेकंदभरात आधी जुना सोडायचा आणि मग नवा घ्यायचा अशी माझी धडपड. ते होऊच शकत नाही, वेळच नसतो तेवढा. मग काय होतं, थोडासा सुटतो, थोडासा घेतला जातो, आणि प्रत्येक वेळी आतली शिळी हवा साठत जाते, छाती फुगलेली आणि तरीही गुदमरल्यासारखं, आणि सहाव्या-सातव्या हाताला माणूस घाबरून उभा राहतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण मला ती समजली त्याच आठवड्यात माझं पोहणं बदललं. श्वास कोंडल्यावर जी तगमग होते ती मुख्यतः ऑक्सिजन संपल्यामुळे होत नाही, कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते. म्हणजे छातीत हवा भरपूर असते, ती बाहेर टाकायची असते. पाण्यात सतत सोडत राहिलात तर तोंड बाहेर आल्यावर काम एकच उरतं, घेणं, आणि रिकाम्या छातीत हवा आपसूक शिरते, ओढावी लागत नाही.

करायचं कसं ते सांगते.

कठडा धरून छातीएवढ्या पाण्यात उभे राहा. तोंडाने श्वास घ्या, साधा, फार मोठा नको. चेहरा पाण्यात घाला आणि लगेच नाकातून गुणगुणायला लागा, "हम्म्म्म". गुणगुणताना श्वास कोंडताच येत नाही, म्हणून हा उपाय मी सगळ्यांना देते, आणि नाकातून हवा बाहेर येत असली की पाणी आत शिरत नाही. म्हणून क्लिप नको म्हटलं, क्लिप लावली की हे शिकायचंच राहतं. तीन-चार सेकंद गुणगुणा, शेवटी उरलेली हवा तोंड-नाकातून फुस्सकन बाहेर टाका, चेहरा वर, तोंड उघडून झटकन श्वास, परत खाली. मध्ये थांबायचं नाही, तोंड पुसायचं नाही, गॉगल नीट करायचा नाही, डोळ्यांवरून पाणी निथळू दे.

सलग वीस वेळा. परीक्षा ह्या "सलग"मध्येच आहे. पहिल्या पाच-सहा वेळा कोणालाही जमतं, आठव्या-नवव्याला छाती दाटायला लागली तर समजा अजून पूर्ण सुटत नाहीये. विसावा श्वास पहिल्याइतका शांत झाला की पुढे जा, तोवर नाही, भले आठवडा लागो. माझ्याकडे शिकायला येणारे इथेच कंटाळतात, "आम्ही बुडबुडे काढायला आलो नाही, पोहायला आलोय" म्हणतात, आणि ज्यांनी हा टप्पा उडवला ते महिनाभराने परत ह्याच कठड्याशी येतात.

मनाची खात्री पटत नसेल तर अजून एक प्रयोग करा, कोणीतरी शेजारी उभं असतानाच. छाती भरून श्वास घेऊन त्याच पाण्यात खाली बसायचा प्रयत्न करा, बहुतेकांना पाणी वर ढकलतं. मग हळूहळू सगळी हवा सोडत बसा, बरेच जण अलगद तळाला जातात. (काहींच्या अंगात चरबी जास्त असते, ते जात नाहीत, काही बिघडत नाही.) तुमची हवा तुमच्या ताब्यात आहे हे ह्याने कळतं, भीती बरीच उतरते.

एक सक्त ताकीद. पाण्याखाली जास्त वेळ राहायला जमावं म्हणून भराभर दहा-वीस खोल श्वास घेऊन बुडी मारायची, असा सल्ला पुलावर कोणी ना कोणी देतोच. तो ऐकू नका. भराभर श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड उतरतो, म्हणजे "आता वर ये" सांगणारी घंटाच बंद पडते, आणि ऑक्सिजन मात्र संपत राहतो. माणूस काहीही न जाणवता पाण्याखाली बेशुद्ध होतो. असे उथळ पुलात चांगले पोहणारे लोक गेलेत. कोण जास्त वेळ पाण्याखाली राहतं ह्या पैजा मित्रांमध्येही लावू नका.

तोच श्वास आता बाजूला वळून

फ्रीस्टाईलमध्ये, म्हणजे पालथं पडून एकेक हात आलटून पालटून मारत पोहताना, श्वास बाजूला घेतात, आणि इथे दुसरा वाईट सल्ला मिळतो, "डोकं वर काढ". डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली, शरीर तिरकं, मग ते ओढत न्यायला जास्त ताकद. डोकं उचलायचं नाही, फिरवायचं. तेही नुसती मान नको, खांदा आणि कंबर सगळं एकत्र कुशीवर वळतं आणि डोकं त्याच्यासोबत जातं.

आधी कठड्याशीच करा. एका हाताने कठडा धरून आडवे व्हा, पाय हलकेच मारत राहा, दुसरा हात मांडीला लावलेला. चेहरा पाण्यात, गुणगुणणं चालू. मग मोकळ्या हाताच्या बाजूला वळा, कान कठडा धरलेल्या दंडावर टेकलेला राहिला पाहिजे, उशीवर डोकं ठेवल्यासारखा. गॉगलची एक काच पाण्यात आणि एक बाहेर, हे झालं की समजा बरोबर आहे. दोन्ही काचा बाहेर आल्या तर तुम्ही डोकं उचललंय. मला हा "कान दंडावर" प्रकार जमायला अकरा दिवस लागले, रोज वाटायचं की तोंड पाण्यातच राहणार, आणि त्या भीतीने मी मान वर ताणायचे आणि म्हणूनच पाणी तोंडात जायचं. पोहताना डोक्यामुळे पुढे लाट उठते आणि गालाजवळ पाण्याला जरासा खळगा पडतो, तोंड त्या खळग्यात येतं. तुम्ही सावकाश पोहत असाल तर खळगा लहान असतो, मग अंग अजून थोडं वळवा, पण उचलू नका.

टायमिंग असं, श्वासाच्या बाजूचा हात पाणी मागे ओढायला लागला की वळायला सुरुवात, हात पाण्याबाहेर निघताना श्वास, आणि तो हात चेहऱ्यापाशी यायच्या आत चेहरा परत पाण्यात. परत गेल्या क्षणी गुणगुणणं सुरू. उशीर होतो तो बहुतेक वेळा परतताना, लोक "अजून थोडा घेऊ" म्हणून रेंगाळतात.

आणि दर दोन हातांना श्वास घ्या, म्हणजे नेहमी एकाच बाजूला. तीन हातांनी आलटून पालटून दोन्ही बाजूंना घ्यायचं तंत्र चांगलं आहे, पण ते पुढच्या वर्षी. नवशिक्याला तीन हात थांबायला लावणं हा उगाच छळ आहे, धावायला शिकणाऱ्याला आपण श्वास मोजून घ्यायला लावत नाही.

ठसका लागेलच कधीतरी. कठड्याला या, खोकून पाणी काढा, दोन मिनिटं थांबा. पाणी खरंच आत गेलं असेल आणि नंतरही खोकला किंवा धाप कमी होत नसेल तर डॉक्टरकडे जा, उद्यावर ढकलू नका.

पाय

मांडीपासून मारा, गुडघ्यातून सायकल नको, घोटे सैल. आणि हळू मारा! मांडीचे स्नायू शरीरातल्या सगळ्यात मोठ्या स्नायूंपैकी, ते जोरात चालले की सगळा ऑक्सिजन खाऊन टाकतात, आणि पुढे ढकलतात मात्र थोडंसंच. किकबोर्ड (तरंगती फळी) दोन्ही हातांनी पुढे धरून, डोकं वर ठेवून तासभर पाय मारायला लावतात ते मला पटत नाही, त्याने नेमकी डोकं वर ठेवायचीच सवय लागते. बोर्ड एका हातात धरा, बाजूला वळून श्वास घ्या, मग उपयोग आहे.

हात

पुढे लांब घाला, कोपर वाकवून पाणी मागे ढकला, मांडीपाशी बाहेर काढा. पुरे.

सगळं एकत्र

पुलाच्या रुंदीत पोहा, लांबीत नको, आणि पाय टेकतील अशाच भागात. पहिले काही दिवस सहा हात, तीन श्वास, उभं राहायचं. मग आठ, मग दहा. हातांचा आकडा वाढवताना वेग वाढवू नका. दम लागला तर हात सुधारायला जाऊ नका, आधी स्वतःला विचारा की गुणगुणत होते का. दहातल्या नऊ वेळा उत्तर "नाही" असतं.

ब्रेस्टस्ट्रोक (बेडकासारखे हात-पाय मारत पोहणं) आधी शिकावा की फ्रीस्टाईल ह्यावर लोक भांडतात. मान बाहेर ठेवून ब्रेस्टस्ट्रोक करणाऱ्यांना कमी समजू नका, 1875 साली मॅथ्यू वेब ह्या इंग्रज जलतरणपटूने इंग्लंड-फ्रान्समधली इंग्लिश खाडी ब्रेस्टस्ट्रोकनेच पार केली, पावणेबावीस तासांत. पण ब्रेस्टस्ट्रोकची लाथ गुडघ्याला सोसत नसेल तर फ्रीस्टाईलच बरी, आणि श्वास सोडायला दोन्हीकडे लागतोच.

लेनमध्ये पोहताना बाकीचे ज्या बाजूने जातायत त्याच बाजूने जा, आणि थांबायचं असेल तर कोपऱ्यात, भिंतीच्या मधोमध उभं राहिलं की मागच्याला वळता येत नाही.

खोल पाणी

पंचवीस मीटरची एक लांबी तीन वेगवेगळ्या दिवशी न थांबता झाली की मगच. त्याआधी उताणं तरंगायला शिका, कान पाण्यात, हनुवटी वर, पोट वर, कारण खोल पाण्यात दमलात तर उभं राहायचा पर्याय नाही, पाठीवर होऊन श्वास घेत राहणं हा आहे. लाइफगार्डला आधी सांगून ठेवा की आज पहिल्यांदा जातोय. बुडणारा माणूस बऱ्याचदा ओरडत नाही, ओरडायला लागणारी हवाच त्याच्याकडे नसते, म्हणून आधीपासून कोणाची तरी नजर तुमच्यावर हवी. कठड्यालगतची लेन घ्या, पाय टेकायचे बंद होतात तिथे तळ खाली जाताना दिसेल आणि नेमका तिथेच श्वास कोंडला जाईल, सगळ्यांचा जातो, माझाही गेला होता. त्या रेषेच्या चार हात आधीपासून मुद्दाम मोठ्याने गुणगुणायला लागा आणि समोरच्या भिंतीला हात लागेपर्यंत थांबवू नका.