परदेशी स्वयंसेविका घरी राहते तेव्हा: गोराईची एक सकाळ

एम.एस.डब्ल्यू.च्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या) पहिल्या वर्षाला असताना आमच्या बोरिवलीच्या घरी सहा महिन्यांसाठी एक जर्मन मुलगी राहायला आली. वय वर्षं १९. वस्तीतल्या बालवाडीत ती मदतनीस होती आणि मी त्याच संस्थेत फील्डवर्कला. समाजकार्य शिकणाऱ्यांना हा प्रश्न कधी ना कधी येतोच, ‘तुमच्या घरी एखादी स्वयंसेविका राहू शकेल का?’ हो म्हणणार असाल तर राहण्या-जेवण्याचं तुम्ही निभावून न्याल. (पाहुणा आल्यापासून २४ तासांच्या आत परदेशी नागरिक घरी राहत असल्याची ऑनलाइन नोंद यजमानाला करावी लागते, ती मात्र संस्था करेल असं धरून बसू नका.) मला सांगायचंय ते चौपाटीबद्दल. पहिल्याच रविवारी पाहुणी समुद्राचं नाव काढते, आणि आपण मुंबईचे असूनही समुद्राबद्दल आपल्याला फारसं ठाऊक नसतं.

आम्हाला ते आदल्या वर्षी कळलं होतं. तेव्हा दोन महिन्यांसाठी एक मुलगा राहत होता, पोहण्यात तरबेज. त्याला आम्ही अक्सा चौपाटीला नेलं. ओहोटी लागली होती. तो कमरेएवढ्या पाण्यात गेला आणि पायाखालची वाळू सरकू लागली, पाणी आत ओढू लागलं. जीवरक्षकाने शिट्टी मारली, दोर टाकला, म्हणून तो बाहेर आला. वाळूवर बसला तेव्हा त्याचे दात वाजत होते. बाबांनी अंगातला शर्ट काढून त्याला घातला आणि घरी येईपर्यंत कोणीच बोललं नाही. तळ्यात किंवा तरणतलावात पोहता येणं वेगळं आणि आपला समुद्र वेगळा, हे आम्ही त्याला आधी सांगायला हवं होतं. गिरगाव, दादर, जुहू, वर्सोवा, अक्सा आणि गोराई या चौपाट्यांवर जीवरक्षक असतात. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे ते कुठे उभे आहेत ते पाहुण्याला दाखवणं.

या खेपेला आजीने सूत्रं हातात घेतली. तिचं माहेर रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. ती म्हणाली, “आधी तिथी बघा.” तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. शुद्ध असो की वद्य, प्रतिपदेपासून मोजायचं. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे पहाटे साडेचार आणि दुपारी साडेचारला पूर्ण भरती, आणि मधे साडेदहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतं, म्हणून नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यावरून पडताळून घ्या, पण बेत ठरवायला हे पुरतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा पाणी खूप चढतं आणि तितकंच लांब जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढ-उतार कमी. पावसाळ्यात पाण्यात पायही नको. ऑगस्ट २०१८ मध्ये जुहूला ब्लू बॉटलने (जेलीफिशसारखा एक समुद्री जीव) कितीतरी जणांना डंख केले होते, आणि २०१३ च्या विसर्जनात गिरगावला पाकट माशांनी शेपटीचे काटे मारले होते.

आमचा रविवार पौष वद्य षष्ठीचा होता. त्या मुलीने सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि वहीत गणित मांडलं.

कपड्यांचा विषय आदल्या रात्रीच काढा, आणि तो घरातल्या बाईने काढावा. मी तिला सरळ सांगितलं, “आमच्या घरातल्या बायका पंजाबी ड्रेसमध्येच पाण्यात जातात. तू काय घालायचं ते तू ठरव, पण लोक बघतील, फोटो मागतील.” तिने गडद रंगाचा टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची पँट घातली. पांढरं नको, हे मात्र मी स्पष्ट सांगितलं होतं. फोटोसाठी तिला दोन शब्द शिकवले, “नको, दादा.” हसून म्हणायचे आणि चालत राहायचं. त्या दिवशी ते चारदा कामी आले. पाचव्यांदा एक तरुण ऐकेना, तेव्हा आई मधे जाऊन उभी राहिली. पाहुणीला अशा वेळी एकटीला लढायला लावू नका.

सकाळी बसने गोराई खाडीवर, तिथून फेरीबोटीने पलीकडे. काही मिनिटांचाच प्रवास, पण पाणी उतरत असल्याने तिवरांची मुळं चिखलातून वर आलेली दिसत होती आणि ती मुलगी सगळ्या बाजूंना बघत होती. तोपर्यंत ती आमच्याशी फार जपून वागायची. ताट उचलायला गेली की आई म्हणायची, “राहू दे गं, तू पाहुणी.” आम्हाला तो पाहुणचार वाटायचा, तिला आपण परकी आहोत असं वाटायचं. हे तिने मला नंतर सांगितलं. त्या सकाळी आजीने घावण्यांचा डबा आणि पाण्याची जड पिशवी उचलून तिच्या हातात दिली. “बाय, हे तू धर, माझे गुडघे दुखतात.” आजीला तिचं नाव कधीच नीट उच्चारता आलं नाही, त्यामुळे ती ‘बाय’च राहिली. पिशवी हातात आल्यावर ती ताठ चालू लागली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणून सांगते, पहिल्या आठवड्यापासून काम द्या.

गावातून जाताना एका अंगणात बोंबील वाळत होते. तिने लगेच मोबाइल काढला. मी तिला थांबवून विचारायला लावलं, “मावशी, फोटो काढू का?” मावशींनी फोटो तर दिलाच, वर दोन ओले बोंबील घेऊन एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात कसा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर कशी टांगायची तेही दाखवलं. तिला तिसऱ्या प्रयत्नात जमलं. हात दिवसभर वास मारत होते, तिने ते आजीच्या नाकाशीही नेले.

किनाऱ्यावर पाणी दूर गेलं होतं. ओल्या वाळूवर बारीक खेकड्यांनी मोहरीपासून वाटाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्या करून ठेवल्या होत्या, बिळाभोवती किरणांसारख्या. ते वाळू तोंडात घेतात, त्यातलं अन्न गाळतात आणि उरलेली वाळू गोळी करून टाकतात. ती उकिडवी बसली, सावली पडू न देता. खेकडा बाहेर आला, एक गोळी केली, मागे ढकलली, दुसरी केली. ती मराठीत मोजत होती, एक, दोन, तीन. अकराला अडली, आजीने पुढे सांगितलं. सोमवारी बालवाडीत तिने शिंपले मांडून मुलांना वीसपर्यंत मोजायला लावलं.

पाण्यात आम्ही फक्त गुडघ्यापर्यंत गेलो, आणि पाणी फार चढायच्या आत, साडेअकराला, निघालो. वाटेत शहाळी घेतली. बर्फाचा गोळा तिला हवा होता, पण नव्या पोटाला तो झेपत नाही. पहिले दोन महिने उघड्यावरचं पाणी आणि बर्फ नाही म्हणजे नाही.

तीन आठवड्यांनी तिने स्वतःच स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. “रविवार द्वादशी. नऊला भरती. तीनला ओहोटी.” आजीने बोटांच्या पेरांवर मोजून पाहिलं आणि म्हणाली, “मग जेवूनच निघू. बाय, तू कांदा चिर.”