‘बरोबर’ या शब्दात माझं वर्ष गेलं

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातले ते सात प्रसंग तुम्हाला पाठ असतीलच. बायको न सांगता बाहेर गेली, उलट बोलली, स्वयंपाक नीट केला नाही... तर नवऱ्यानं मारणं योग्य का? माझ्या संशोधनातल्या मुलाखतींसाठी मीही तेच उचलले. कर्नाटकातल्या मराठी बोलणाऱ्या निपाणी भागात ‘योग्य’ पुस्तकी वाटेल म्हणून विचारलं, “हे बरोबर हाय का?” आणि तिथंच फसले.

एक मावशी विड्या वळत होत्या. मांडीवर सूप, हात थांबत नव्हते. प्रत्येक प्रसंगाला म्हणाल्या, “बरोबरच हाय की बाई.” मी सातही खुणा ‘हो’वर केल्या. उठताना त्या म्हणाल्या, “माझ्या लेकीवर हात उचलू दे जावयानं, दारात जाऊन बसीन त्याच्या.” माझा पेन तिथंच थांबला. त्यांचं ‘बरोबर’ म्हणजे ‘खरं आहे, असंच घडतं’. मारणं पटतं, असं त्या कधी म्हणाल्याच नव्हत्या! तोवर माझ्या ६० मुलाखती झाल्या होत्या.

आकडे ही चूक दाखवत नाहीत. सातही प्रश्नांत एकच गैरसमज असेल तर सगळी उत्तरं एका दिशेला जातात आणि क्रॉनबाख अल्फा, म्हणजे उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, उलट छानच येतो. मार्गदर्शक म्हणाले, २०१९-२१ च्या सर्वेक्षणात कर्नाटकात सुमारे ७७ टक्के बायकांनी निदान एका प्रसंगात मारणं योग्य म्हटलंय, तुझं जुळतंय, पुढं चल. आकडा जुळला म्हणून पुढं ढकलणाऱ्या मार्गदर्शकाचं ऐकू नका. उलट-भाषांतरावरही, म्हणजे भाषांतर परत मूळ भाषेत करून ताडून बघण्यावरही, विसंबू नका. कागदावर ‘बरोबर’ अगदी बरोबर दिसतो. कन्नडमध्ये ‘बरोबर’साठी येणाऱ्या ‘सरि’लाही तपासा.

आधी आठ-दहा जणींना प्रश्न त्यांच्या शब्दांत परत सांगायला लावा. मग तीन प्रश्न सुटे करा: असं घडतं का, गावातले लोक काय म्हणतात, तुमच्या मनाला पटतं का. वेळ लागतो, पण जमतं. घाबरू नका, मलाही जमलं.

सासू येऊन बसली तर विषय बदला, मुलाखत सोडून द्या. एका घरात एकीलाच विचारा. १८१ हा महिला मदतीचा क्रमांक तोंडी सांगा; कागद घरात सापडला तर मार तिला बसेल.

त्या मावशींकडे मी परत गेले. सातपैकी पाच प्रसंगांना ‘न्हाई’ आलं. बायकोवर संशय आला आणि तिनं सासरच्यांचा मान राखला नाही, या दोन्ही प्रसंगांना त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसता दोरा गुंडाळत राहिल्या. ते ‘माहीत नाही’त न टाकता मी वेगळं लिहून ठेवलं.